खांदा दुखतोय? आधी वही दाखव

(सांगलीतल्या एका व्यायामशाळेत वेटलिफ्टर मुलं-मुली, पालक आणि प्रशिक्षकांसमोर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

वस्ताद, प्रशिक्षक, पालक मंडळी आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरापोरींनो,

फलकावर ‘खांदेदुखी आणि स्ट्रेचिंग’ असं लिहिलंय. त्यातलं स्ट्रेचिंग मी बरंच नंतर घेणार आहे आणि त्याला वेळही थोडाच देणार आहे. कुणाला तेवढंच हवं असेल तर त्यानं अर्ध्या तासानं परत यावं, कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो. (हशा)

माझ्याकडं येणारा लिफ्टर दारातनंच ओळखू येतो. आधी बामचा वास येतो, मग पोरगं आत येतं. एका हातानं दुसरा खांदा दाबत. ‘मॅडम, शिर धरलीय. दोन-चार स्ट्रेच सांगा, परवापासून प्रॅक्टिस आहे.’ मी म्हणते, वही दाखव. ते माझ्याकडं असं बघतं, जणू मी शाळेची वही मागितलीय. वही म्हणजे कुठल्या दिवशी काय उचललं, किती सेट, किती रेप्स, याची नोंद. बहुतेकांकडं नसते. ज्यांच्याकडं असते, त्यांचं निम्मं निदान मी हात न लावता करते.

एक मुलगी आली होती, सतरा वर्षांची. स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरनं एका दमात डोक्यावर नेताना, तो वर लॉक झाला की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला चमक मारायची. मोबाइलवर बघून तिनं महिनाभर रोज खांदा ताणला होता. मनापासून ताणला होता, आणि दुखणं वाढलं होतं. वही नीट ठेवलेली होती तिची, तारखेनिशी. उघडून बघितली तर जिल्हा स्पर्धा झाल्यावर परीक्षेसाठी सुट्टी. परत आली ती थेट जुन्या वजनावर. त्यातच पुढची स्पर्धा जवळ म्हणून आठवड्यातनं दोन दिवस होणारं स्नॅच चार दिवस झालेलं. शनिवारी जर्क, म्हणजे छातीवरनं झटक्यात बार वर नेण्याचं काम, संपल्यावर वर बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार दाबणं. का? तर मैत्रिणी करतात म्हणून. आता सांगा, या पोरीच्या खांद्याला काय झालं हे शोधायला एमआरआय कशाला पाहिजे?

सुट्टीनंतर ताकद लवकर परत येते. दोन-तीन सेशनमध्ये पोरं म्हणतात, ‘आलं की माझं वजन!’ पण स्नायू हाडाला ज्या टोकानं जोडलेला असतो तो टेंडन, म्हणजे कंडरा, त्या वेगानं तयार होत नाही. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. स्नायू म्हणतो चल, टेंडन म्हणतो थांब, आणि बार काही टेंडनला विचारत नाही. खांदा दुखण्याची मी बघितलेली बहुतेक प्रकरणं अशीच सुरू होतात: सुट्टी, आजारपण किंवा स्पर्धेची घाई, आणि त्यानंतर एकदम वाढलेलं काम. त्यामुळं दुखायला लागल्याच्या आधीचे तीन-चार आठवडे मला वहीत बघायचे असतात.

आता सांधा कसा आहे ते बघू. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. बशीवर मोसंबं ठेवावं तसं. म्हणून हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो सांभाळायला चार छोटे स्नायू सतत राबत असतात. त्या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचा सुप्रास्पायनेटस, मागचे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर, पुढचा सबस्कॅप्युलरिस. नावं पाठ नाही झाली तरी चालेल. काम लक्षात ठेवा: गोळा खोबणीच्या मध्यावर धरून ठेवणं. आरशात दिसतात ते खांद्यावरचा गोलसर डेल्टॉइड आणि छाती. पोरं त्यांचाच व्यायाम करतात.

दुसरं म्हणजे, हात वर जातो तो एकट्या खांद्याच्या सांध्यातनं जात नाही. पूर्ण वर नेलेला हात १८० अंश धरला, तर त्यातले साधारण १२० अंश सांध्यातनं येतात आणि ६० अंश खांद्याचं पातं, म्हणजे पाठीवरचा तो फरा, फिरल्यामुळं येतात. आणि पातं बरगड्यांवर बसलेलं असतं. बरगड्या मणक्याला. म्हणजे पाठीचा वरचा भाग आखडला की पातं अडतं, आणि पातं अडलं की बिचाऱ्या सांध्याला ती कसर भरून काढावी लागते.

हे तोंडी सांगून पटत नाही. ये रे, तू निळ्या टी-शर्टवाला. लाजू नको. भिंतीला पाठ लावून उभा राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढं. कंबर भिंतीला चिकटलेली ठेव. आता कोपरं सरळ ठेवून दोन्ही हात वर ने आणि अंगठे भिंतीला टेकव. हळू. बघा सगळ्यांनी, हात कानाजवळ येईपर्यंत सगळं ठीक आहे. आता अंगठे भिंतीपासून चार बोटं लांब आहेत आणि कंबर बघा, सुटली की नाही भिंतीपासून? आता हातात वीस किलोचा रिकामा बार आहे असं समजा, मग त्यावर प्लेटा. ही चार बोटं तो कुठनं आणणार? कंबर वाकवून नाहीतर खांदा पुढं ढकलून.

बाळा, आता त्या खुर्चीवर बस. खुर्चीच्या पाठीची कड फऱ्यांच्या खालच्या टोकाशी येऊ दे. हात डोक्यामागं बांध, आणि पाठीचा वरचा भाग तेवढाच मागं सोड. कंबर नको. श्वास सोडत जा. पाच-सहा वेळा... बास. परत भिंतीला. आता बघा. दोन बोटं राहिलीत, चाराची दोन झाली. मी त्याच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही. अर्थात ही दोन बोटं घरी जाईपर्यंत परत जातील, कारण घरी जाऊन हा मोबाइल घेऊन पोक काढून बसणारच आहे. (हशा) रोज करशील तर टिकेल. बस खाली.

प्रशिक्षकांसाठी थोडा इतिहास सांगते. म्युनिक ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते. स्नॅच, जर्क आणि त्यांच्याबरोबर क्लीन अँड प्रेस. छातीवर घेतलेलं वजन पायांची मदत न घेता हातांनी वर दाबायचं. लिफ्टर इतके मागं झुकायला लागले की प्रेस कुठली आणि कमान कुठली हे पंचांना ठरवता येईना, म्हणून तो प्रकार काढून टाकला. तेव्हापासून सावकाश दाबण्याचं काम बऱ्याच ठिकाणी सरावातनंही हळूहळू गेलं. स्नॅच आणि जर्कमध्ये खांद्यावर ताण एकदम येतो आणि निघून जातो. टेंडनला मजबूत करायचं तर सावकाश, मोजून केलेलं काम लागतं. आठवड्यातनं दोनदा डंबेलची हलकी प्रेस, तीन मोजत वर, तीन मोजत खाली, एवढं मी प्रत्येक लिफ्टरला देते. आपल्या तालमीतले जोर आणि मुद्गल यांच्याकडंही मी याच नजरेनं बघते. जोर मारताना पातं बरगडीवर पुढं सरकतं आणि मागं येतं, मुद्गल पाठीमागनं फिरवताना कफचे चारही स्नायू जागे होतात. फक्त हलका मुद्गल घ्या. जड मुद्गलाचा फोटो चांगला येतो, खांद्याचं भलं हलक्यातच आहे.

त्याच १९७२ साली अमेरिकेत चार्ल्स नीअर नावाच्या सर्जननं खांदेदुखीचं एक चित्र मांडलं. पात्याचं वरचं टोक टेंडनला घासतं, म्हणून ते दुखतं, आणि ते हाड तासलं की बरं वाटतं. पुढची चाळीसेक वर्षं जगभर ही शस्त्रक्रिया झाली. मग इंग्लंडमधला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही रुग्णांचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, हाडाला हात लावला नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणून ‘हाड घासतंय, नस दबलीय’ असं कुणी सांगितलं की घाबरून ऑपरेशनच्या टेबलावर झोपू नका. रिपोर्टचंही तेच. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात, खांदा अजिबात दुखत नसलेल्या २० खेळाडूंचा एमआरआय काढला. डोक्यावरून हात वापरणारे खेळ खेळणारे, वरच्या दर्जाचे खेळाडू. त्यातल्या आठ जणांच्या खेळत्या हाताच्या खांद्यात टेंडन थोडाफार किंवा पूर्ण फाटलेला दिसला. पाच वर्षांनी विचारलं, तरी त्यांना त्रास नव्हता. एमआरआय लागतो तेव्हा लागतोच, पण नुसत्या त्या कागदावरून पोराचा खेळ बंद करू नका.

आता स्ट्रेचिंग. चहावाले परत आले का? (हशा)

आधी कुणी करायचं नाही ते सांगते. बेटा, तू ये. मनगट वाकव आणि अंगठा त्याच हाताच्या मनगट ते कोपर या भागाला आतल्या बाजूनं टेकव. बघा, टेकला. आता हात सरळ कर. कोपर उलट्या बाजूला किती जातंय बघा. हिचे सांधे मुळात सैल आहेत. मुलींमध्ये आणि वाढीच्या वयातल्या पोरांमध्ये असं बरंच दिसतं. हिचा खांदा दुखला तर हिला ‘आखडलंय, ताण दे’ असंच वाटणार, कारण सैल सांधा सांभाळणारे स्नायू दमून घट्ट होतात. त्यांना ताणलं की घटकाभर बरं वाटतं आणि सांधा आणखी बेवारस होतो. हिला मी एकही खांद्याचा स्ट्रेच देणार नाही. हिनं डोक्यावर हलका डंबेल धरून वीस पावलं चालायचं, पातं स्थिर ठेवून. तेच हिचं औषध. ज्यांचा खांदा एकदा उतरलाय, म्हणजे निखळून बसवलाय, त्यांनाही हेच लागू. दाराच्या चौकटीत हात अडकवून छाती ताणण्याचा प्रकार त्यांनी तर करूच नये.

बाकीच्यांसाठी तीन पुरेत. पहिला आत्ता खुर्चीवर बघितला तो. घरी चादरीची घट्ट वळकटी करून फऱ्यांखाली आडवी घ्या आणि दोन मिनिटं हात डोक्यामागं सोडून पडा. दुसरा काखेमागच्या मोठ्या स्नायूसाठी, म्हणजे लॅट्ससाठी. पलंगासमोर गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही हातांत काठी धरून कोपरं पलंगाच्या कडेवर टेकवायची आणि छाती जमिनीकडं सोडायची. क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरनं छातीवर घेताना, कोपरं वर येत नाहीत अशा पोरांना याचा गुण लवकर येतो. तिसरा मागच्या बाजूसाठी, हात छातीसमोरून आडवा घेऊन दुसऱ्या हातानं कोपराजवळ धरून ओढायचा. तीस सेकंद, चार-पाच वेळा. कुशीवर झोपून मनगट खाली दाबायचा स्ट्रेच मोबाइलवर फार दिसतो. दुखऱ्या खांद्याला तो बऱ्याचदा झोंबतो, आडवा ओढायचा प्रकार सोसतो.

हे सगळं सरावानंतर किंवा रात्री. सरावाआधी एकेक स्ट्रेच मिनिटापेक्षा जास्त धरला तर ताकद थोडी उतरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सरावाआधी अंग गरम करा, काठी डोक्यावर धरून बैठका, म्हणजे ओव्हरहेड स्क्वॉट, करा, रबर बँडनं हात बाहेरच्या बाजूला फिरवा, रिकाम्या बारनं तीन-चार सेट करा. वस्ताद, माझी एक तक्रार आहे. पोरं रिकाम्या बारला हात लावायला लाजतात. कुणी बघेल म्हणून थेट प्लेटा घालतात. तुम्ही स्वतः रिकामा बार उचलून दाखवलात तर माझं निम्मं काम होईल.

आणि स्ट्रेचिंग केल्यानं दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं जातं, हा गैरसमज डोक्यातनं काढा. सगळे अभ्यास एकत्र करून बघितलं तर फरक पडतो तो शंभरात एखाद्या गुणाचा. मालिशनं बरं वाटतं, खुशाल करा. पण ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ म्हणून करू नका. ते सराव संपल्यावर साधारण तासाभरात आपोआप खाली येतं, तेलाची वाट बघत बसत नाही. बर्फाचंही तसंच. १९७८ साली ज्या डॉक्टर मिर्किननी मार लागल्यावर विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र रूढ केलं, त्यांनीच पुढं २०१४ मध्ये लिहिलं की बर्फानं भरून येणं लांबू शकतं. फार ठणकत असेल तर दहा मिनिटं लावा. रोज सराव झाल्यावर गार पाण्याच्या पिंपात बसणं मात्र बंद करा. ताकद आणि स्नायू वाढवण्याच्या काळात त्यानं वाढच कमी होते.

सांगलीत उभं राहून हळदीबद्दल बोलायला धाडस लागतं. (हशा) आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान मलाही आहे. पण हळदीतला कामाचा घटक, करक्युमिन, असतो तीन-चार टक्के, आणि त्यातलंही अंगाला फार थोडं लागतं. हळद-दूध प्या, दुधासाठी प्या. खांदा त्यानं बरा होणार नाही.

खरी भरपाई झोपेत होते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आठ ते दहा तास झोप लागते. पालकांनो, पहाटे पाचला सराव, मग कॉलेज, मग क्लास, रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल, असं चाललं असेल तर तेल, बाम, बँड, कशाचाच उपयोग नाही. दुखऱ्या खांद्यावर झोपू नका. उताणं झोपून कोपराखाली पातळ उशी घ्या.

दुखायला लागलं तर सराव पूर्ण बंद करायचा का? सहसा नाही. पंधरा दिवस हात बांधून बसलं की टेंडन आणखी नाजूक होतो, आणि परत आल्यावर तीच वहीवाली गोष्ट. मी त्या मुलीचं स्नॅच थांबवलं, पण पुल (बार जमिनीवरनं नुसता ओढणं), स्क्वॉट, क्लीन चालू ठेवले. बेंच प्रेस बंद. सुरुवातीला दारात उभं राहून मनगटाची मागची बाजू चौकटीला दाबायची, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. मग बँड, मग डंबेलची सावकाश प्रेस, मग रिकाम्या बारनं स्नॅच. नियम एकच दिला होता. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यासारखं झालेलं पाहिजे. सकाळी जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, वजन उतरवायचं. तिला पूर्ण वजनावर यायला तीन महिने लागले. तीन महिने ऐकून तिच्या वडिलांचा चेहरा पडला होता. त्याला माझा इलाज नाही, टेंडनचा वेग तोच आहे.

आपला सांगलीचा संकेत सरगर आठवतो ना? बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य, त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८. सुवर्ण गेलं २४९ वर, एका किलोनं. जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोला त्याचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला. राष्ट्रकुलसारख्या मंचावर ते ठीक. तिथं एका किलोची किंमत तेवढी असते. आपल्या गल्लीतल्या मंगळवारच्या सरावात असली जिगर दाखवायचं कारण नाही. सरावात बार पुढं पडायला लागला तर सोडून द्या. बार सोडायला शिका, ते मुद्दाम शिकवावं लागतं.

लगेच डॉक्टरांकडं कधी जायचं ते सांगते, मग तुमचे प्रश्न. एकदम ‘कट्’ आवाज झाला आणि हात वर जाईना. खांद्याचा आकार बदललेला दिसला. बोटांना मुंग्या, बधिरपणा किंवा पकड सुटायला लागली, तेव्हा दुखणं मानेतलं असू शकतं. रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं. कॉलर बोनच्या अगदी बाहेरच्या टोकावर बोट ठेवलं की नेमकं तिथंच दुखतं, आणि बेंच प्रेस जोरात चालू आहे, तर तिथलं हाड झिजत असू शकतं. त्याला वेटलिफ्टरचा खांदा असंच नाव पडलंय. आणि पालकांनो, हे तुमच्यासाठी: चाळिशीनंतर डावा खांदा दुखतोय, घाम फुटतोय, धाप लागतेय, तर माझ्याकडं येऊ नका. सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडं जा.

प्रश्न आला आहे एका पालकांचा. ‘स्पर्धा दहा दिवसांवर आहे, डॉक्टर म्हणतात खांद्यात एक स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. देऊ का?’

दादा, त्या इंजेक्शननं दुखणं महिना-दीड महिना दबू शकतं, हे खरं. पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टेंडन कमजोर होतो, आणि दुखत नाही म्हणून पोरगं पूर्ण वजन उचलायला जातं. दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांनुसार स्पर्धेच्या काळात कॉर्टिझोनसारखी स्टेरॉइड इंजेक्शनं कुठल्याही मार्गानं घेतली तरी प्रतिबंधित आहेत, सांध्यातलंसुद्धा. काही औषधं लवकर निघून जातात, काही दहा दिवस किंवा त्याहून जास्त अंगात राहतात. तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा की मुलगा स्पर्धक आहे आणि त्याची डोपिंग चाचणी होऊ शकते. इंजेक्शन घेतलंच तर औषधाचं पूर्ण नाव, डोस, तारीख आणि कुठं दिलं, हे डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि सूट मागायची वेळ आलीच तर तो कागद लागेल म्हणून जपून ठेवा. माझं मत विचारता, तर ही स्पर्धा सोडा. मुलगा किती वर्षांचा आहे? सोळा? मग सोडाच. आणि येताना त्याची वही घेऊन या.